‘सुपरस्टिशन’ : नोट्स सगळ्या बरोबर, तरी बँड ताठर का वाजतो?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पाच जणांचा बँड आहे, ड्रम्स, बास, गिटार, कीबोर्ड आणि गाणारी मुलगी, कॉलेजच्या फेस्टसाठी अंध अमेरिकन गायक-वादक स्टीव्ही वंडरचं १९७२ सालचं ‘सुपरस्टिशन’ बसवताय, प्रत्येकाने व्हिडिओ बघून आपापला पार्ट नीट उचललाय, मेट्रोनोमवर पण व्यवस्थित जातंय, आणि तरी ऐकणारे म्हणतात ‘बरोबर आहे, पण मजा येत नाहीये’. शिवाय दोन गोष्टी विचारल्यात, सुरुवातीचा ड्रम बीट खरंच ब्रिटिश रॉक गिटारिस्ट जेफ बेकचा आहे का, आणि जवळजवळ एकाच रिफवर (पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीवर) चालणारं गाणं इतकं मोठं कसं झालं.

मी कीबोर्ड वाजवतो, स्टेजवर आणि स्टुडिओत, आणि बरीच वर्षं नवीन बँडसोबत रिहर्सलला बसून गाणी बसवून देतो. हे गाणं जवळपास प्रत्येक बँडला कधी ना कधी हवं असतं आणि अडकतात सगळे एकाच ठिकाणी. तुम्हाला वाटतंय की प्रॉब्लेम टायमिंगचा आहे. मला वाटतं प्रॉब्लेम असा आहे की मूळ रेकॉर्डवर ड्रम्स, बास आणि कीबोर्ड या तिन्ही ठिकाणी एकच माणूस बसलाय, आणि तुम्ही त्याच्या हातातलं काम वेगवेगळ्या लोकांना वाटून दिलंय पण त्याचे कान कोणालाच दिले नाहीयेत. हे गाणं कसं बनलं ते आधी सांगतो, कारण रिहर्सलमध्ये काय बदलायचं ते सगळं त्यातूनच निघतं.

१९७१ च्या मे महिन्यात स्टीव्ही २१ वर्षांचा झाला आणि मोटाउन या रेकॉर्ड कंपनीबरोबरचा त्याचा लहानपणीचा करार संपला. तोपर्यंत मोटाउनची पद्धत ठरलेली होती, डेट्रॉइटच्या स्टुडिओत कंपनीचे ठरलेले वादक, ठरलेले निर्माते, गाणाऱ्याने यायचं आणि गाऊन जायचं. स्टीव्हीने नवीन करार केला तो स्वतःच्या अटींवर, म्हणजे काय रेकॉर्ड करायचं, कोणाबरोबर, कुठे, हे तो ठरवणार. तो न्यूयॉर्कला गेला आणि माल्कम सेसिल आणि रॉबर्ट मार्गुलेफ या दोघांना गाठलं. या दोघांनी ‘टॉन्टो’ नावाचा एक अवाढव्य सिंथेसायझर (विजेवर आवाज तयार करणारं वाद्य) उभा केला होता, मूग आणि इतर कंपन्यांचे मॉड्यूल एकत्र जोडून, खोलीभर पसरलेला. त्यावर त्यांनी केलेली रेकॉर्ड स्टीव्हीने ऐकली होती आणि त्याला तो आवाज हवा होता. तिथून पुढे हे तिघं मिळून रात्र रात्र रेकॉर्डिंग करायचे, वाजवणारा स्टीव्ही, आवाज घडवणारे आणि टेपवर घेणारे हे दोघं.

‘सुपरस्टिशन’ झालं ते इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत, ग्रिनिच व्हिलेजमधे, जिमी हेंड्रिक्सने स्वतःसाठी बांधलेला स्टुडिओ, जो १९७० च्या ऑगस्टमधे उघडला आणि पुढच्याच महिन्यात हेंड्रिक्स गेला. या गाण्यावर ड्रम्स स्टीव्हीचे, मूग बास (सिंथेसायझरवर वाजवलेला बास) स्टीव्हीचा, क्लॅव्हिनेट (तारा असलेला विजेवरचा कीबोर्ड) स्टीव्हीचं, आवाज स्टीव्हीचा. बाहेरचे फक्त दोन, ट्रम्पेटवर स्टीव्ह मडाइओ आणि टेनर सॅक्सवर ट्रेव्हर लॉरेन्स. गिटार नाहीच आहे, हे तुमच्या गिटारिस्टला आत्ताच सांगून ठेवा, तो जे गिटार समजून वाजवतोय ते क्लॅव्हिनेट आहे.

आता जेफ बेक. तो स्टीव्हीचा चाहता होता आणि हे गाणं ज्यात आहे त्या ‘टॉकिंग बुक’ अल्बमच्या सेशनला येऊन वाजवून गेला, त्यातल्या ‘लुकिन फॉर अनदर प्युअर लव्ह’ वरची गिटार ऐका, त्यात तो आहे. बदल्यात स्टीव्हीने त्याला एक गाणं द्यायचं असं ठरलं होतं आणि ते गाणं म्हणजे ‘सुपरस्टिशन’. बेक स्वतः सांगायचा की तो स्टुडिओत सहज ड्रम्सवर बसून एक बीट वाजवत होता, तेवढ्यात स्टीव्ही आत आला आणि म्हणाला थांबू नकोस, वाजवत राहा, आणि त्यावर रिफ सुचली. त्याचं सांगणं मी खरं धरून चालतो. पण रेकॉर्डवर जे ऐकू येतं ते वाजवणं मात्र स्टीव्हीचं आहे, आणि तुमच्या कामाचं तेच आहे. कागदावर लिहिला तर हा बीट शिकाऊ ड्रमरला पहिल्या महिन्यात येतो, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) चारही मात्रांवर, स्नेअर (कडकडीत आवाजाचा छोटा ड्रम) दोन आणि चारवर, वर हाय-हॅट (झांजांची जोडी). कोणाचा होता यावरून भांडण्यासारखं त्यात काही नाही, त्याला वजन कोणी दिलं हा प्रश्न आहे.

ते वजन बहुतेक हाय-हॅटमधे आहे. सुरुवातीचे ड्रम्स एकटेच वाजतात तेवढाच तुकडा लूप करून तुमच्या ड्रमरला ऐकायला सांगा, आणि फक्त उजव्या हाताकडे लक्ष द्यायला सांगा. एकही बार (चार मात्रांचं आवर्तन) आधीच्या बारसारखा नाहीये. कधी दोन स्ट्रोक जास्त, कधी हॅट जराशी उघडते, कधी एखादा स्ट्रोक इतका हलका की आहे की नाही कळत नाही. आणि मुख्य म्हणजे मात्रेचे जे चार बारीक भाग पडतात ते सारखे नाहीयेत, जोडीतला पहिला किंचित लांब आणि दुसरा किंचित आखूड, पूर्ण शफल (झुलता ठेका) नाही आणि पूर्ण सरळ पण नाही, दोन्हीच्या मधे कुठेतरी. तबला शिकलेला कोणी असेल तुमच्यात तर त्याला लगेच समजेल, बोल तेच असतात पण दोन तबलजींच्या ठेक्यात वजनाचा फरक असतो, आणि तो फरक लिहून काढता येत नाही, ऐकून हातात आणावा लागतो. मेट्रोनोमवर सोळा सारखे भाग पाडून कोणी हे बसवलं की गाणं तिथेच मेलं, पुढे बाकीच्यांनी कितीही चांगलं वाजवलं तरी उपयोग नाही. लय मिनिटाला साधारण १०० मात्रांच्या आसपास आहे आणि ती घड्याळासारखी एका आकड्यावर खिळलेली नाही, श्वास घेतल्यासारखी किंचित हलते. म्हणून माझं मत असं की मेट्रोनोम फक्त सुरुवातीला लय ठरवण्यापुरता लावा, चार बार ऐका आणि बंद करा.

(स्टीव्ही ड्रमर म्हणून किती चांगला आहे हे लोक विसरतात. लहानपणापासून तो ड्रम्स वाजवत होता आणि मोटाउनचा ड्रमर बेनी बेंजामिन याला ऐकत मोठा झाला. गाणं लिहिणारा माणूस ड्रम्सवर बसतो तेव्हा गाण्याची पुढची ओळ त्याच्या डोक्यात आधीच चालू असते, त्यामुळे कुठे भरायचं आणि कुठे सोडायचं हे त्याला वेगळं ठरवावं लागत नाही. तुमच्या ड्रमरला म्हणूनच गाणं तोंडपाठ हवं, शब्दांसकट, वाजवताना मनात गात राहिला पाहिजे. ही गोष्ट मी प्रत्येक बँडला सांगतो आणि प्रत्येक वेळी ड्रमरचा चेहरा बघण्यासारखा होतो, पण फरक त्याच दिवशी ऐकू येतो.)

आता क्लॅव्हिनेट, माझं स्वतःचं वाद्य, त्यामुळे इथे जरा जास्त बोलणार. होनर ही जर्मन कंपनी, अर्न्स्ट त्साखारियास नावाच्या त्यांच्या डिझायनरने हे साठच्या दशकात बनवलं, ते सुद्धा घरात बसून जुनं युरोपियन संगीत वाजवता यावं अशा कल्पनेने. आत खऱ्या तारा असतात. पट्टी दाबली की खालचा छोटा रबरी तुकडा तारेला धातूच्या पट्टीवर दाबतो, गिटारसारखे पिकअप तो आवाज उचलतात, आणि पट्टी सोडली की तारेभोवती गुंडाळलेली लोकर आवाज लगेच दाबून टाकते. याचा अर्थ असा की या वाद्यात सूर सुरू कधी होतो याइतकंच तो बंद कधी होतो हे महत्त्वाचं, बोट उचलणं हा सुद्धा तालाचाच भाग आहे. तुमचा कीबोर्डवाला बहुतेक प्यानोच्या सवयीने वाजवत असणार, बोटं पट्ट्यांवर टेकलेली, कदाचित सस्टेन पेडलवर पाय पण. पेडल काढूनच टाका, वायर उपटून ठेवा. प्रत्येक सूर छोटा, टोचल्यासारखा, आणि डाव्या हाताने मधेमधे खालचा सा इतका हलका मारायचा की सूर कमी आणि ठोका जास्त वाटेल.

दुसरी गोष्ट फार कमी लोक सांगतात. जी रिफ आपण ‘एक रिफ’ म्हणून ऐकतो ती एका वेळी दोन हातांनी वाजवलेली नाहीये. टेपवर क्लॅव्हिनेटचे अनेक थर आहेत, एकावर एक चढवलेले, काही पूर्ण ओळ वाजवणारे आणि काही फक्त मधल्या फटीत दोन-चार स्वर टाकणारे, डावीकडून उजवीकडून येणारे. हेडफोन लावून आधी फक्त डावा कान, मग फक्त उजवा असं ऐकून बघा. व्हिडिओवाले हे सगळे थर दोन हातांत कोंबून शिकवतात, ऐकायला भारी वाटतं, बोटं पण भारी पळतात, पण मग कीबोर्डवाल्याकडे श्वास घ्यायला जागा उरत नाही आणि तो जिवाच्या आकांताने वाजवायला लागतो, आणि ताण आवाजात येतोच.

त्यामुळे तुमच्यासाठी वाटणी अशी करा. कीबोर्डने फक्त मुख्य ओळ घ्यायची, सोपी करून. गिटारने हात तारांवर ठेवून, म्यूट करून, मधल्या फटीतले दोन-तीन स्वर घ्यायचे आणि तेवढेच, मुख्य रिफ गिटारवर अजिबात डबल करायची नाही. आत्ता तुमच्याकडे काय होत असणार याचा मला अंदाज आहे, पंगतीत सगळे वाढपी एकाच पानावर एकदम वाकावेत तसं कीबोर्ड, गिटार, बास तिघंही तीच रिफ वाजवत असणार. तिघं बरोबर असले तरी गाण्याला उठायला जागाच राहत नाही.

सुरांबद्दल एक मजेशीर गोष्ट, पेटी वाजवणाऱ्यांना आवडेल. गाणं ई-फ्लॅट मायनरमधे आहे, म्हणजे आपल्या भाषेत सा काळी दोन. आणि रिफचे मूळ पाच स्वर, सा, कोमल ग, म, प, कोमल नी, हे बरोब्बर पाचही काळ्या पट्ट्यांवर पडतात. रागाच्या भाषेत धानीचे स्वर. आंधळ्या माणसाच्या बोटांना काळ्या पट्ट्या उंचावर असतात, चाचपडावं लागत नाही, असं बरेच जण म्हणतात, पण मला हे कारण पुरेसं वाटत नाही कारण त्याने सगळ्याच सुरांत वाजवलंय. मला जाणवतं ते एवढंच की काळ्या पट्ट्यांवर बोट सहज घसरतं, उडी मारून परत येतं, आणि या रिफला ती उडी हवी आहे. पांढऱ्या पट्ट्यांवर तीच ओळ वाजवली की हाताची चालच बदलते. खरं खोटं स्वतः करून बघा.

बासबद्दल थोडंच. तो बास गिटार नाहीये, मूग सिंथचा आवाज आहे, गोल आणि जाड, एका वेळी एकच सूर. तुमचा बासवाला स्लॅप (अंगठ्याने तारा आपटणं) करत असेल, फंक (असं ठेक्यावर चालणारं नाचतं संगीत) म्हटलं की सगळ्यांचा अंगठा शिवशिवतो, तर या गाण्यात थांबवा. बोटांनी, गळ्याच्या बाजूला, टोन खाली उतरवून, आणि किकबरोबर खाली बसून राहायचं. वरती एवढी गडबड चालू असताना कोणीतरी जमिनीवर पाय ठेवून उभं असावं लागतं.

मग येतो तो भाग जिथे रिफ थांबते, कडव्याच्या शेवटी. इथे कॉर्ड (एकदम वाजवलेले सूर) पंचमावर जातात, तिथून अर्धा सूर वर कोमल धैवतावर, परत पंचम, मग अर्धा अर्धा उतरत तीव्र मध्यम, शुद्ध मध्यम, पुन्हा पंचम, आणि मग धाडकन सा वर परत रिफ. शब्दांचा अर्थ पण इथेच येतो, आधी शिडी, फुटलेला आरसा, तेराचा आकडा अशा अपशकुनांची यादी होते आणि इथे तो सांगतो की न समजणाऱ्या गोष्टींवर विश्वास ठेवला की भोगावं लागतं. सूर पण तसेच चाचपडत, आधार शोधत फिरतात. बहुतेक बँड इथे जोर लावतात आणि मग रिफ परत येते तेव्हा द्यायला काही शिल्लक नसतं. उलट करा, इथे आवाज आणि हात दोन्ही आवरा, ड्रमरने फिल (मधली भरण) छोटा ठेवा, म्हणजे रिफ परत आल्यावर ती आल्यासारखी वाटेल. तुमच्याकडे ट्रम्पेट-सॅक्स नाहीयेत, चालेल, तो लांब स्वरांचा भाग कीबोर्डच्या दुसऱ्या आवाजावर किंवा गिटारवर घ्या, पण दोन्हीवर एकदम नको.

आता हे इतकं मोठं कसं झालं. गाणं आधी बेकने काढायचं होतं, पण मोटाउनने ऐकलं आणि ही संधी सोडायची नाही असं ठरवून १९७२ च्या ऑक्टोबरमधे स्टीव्हीचीच सिंगल बाजारात आणली. बेकची नाराजी झाली, साहजिक आहे. २७ जानेवारी १९७३ च्या आठवड्यात ते बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत पहिल्या नंबरवर होतं, सोलच्या (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीताच्या) यादीत पण पहिलं, ब्रिटनमधे ११ पर्यंत गेलं. मुख्य यादीत स्टीव्हीचं याआधीचं पहिल्या नंबरचं गाणं १९६३ सालचं होतं, तेव्हा तो शाळकरी पोरगा होता आणि कंपनी त्याला ‘लिटल स्टीव्ही’ म्हणून विकत होती. मधे दहा वर्षं गेली. १९७४ च्या ग्रॅमीत या गाण्याला दोन पुरस्कार मिळाले, सर्वोत्कृष्ट आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाणं आणि आर अँड बी पुरुष गायन.

आकडे बाजूला ठेवले तर मला महत्त्वाचं वाटतं ते असं, की त्या काळात अमेरिकेत रॉक ऐकणारे गोरे आणि सोल ऐकणारे काळे यांची रेडिओ स्टेशनं बऱ्यापैकी वेगळी होती. स्टीव्ही १९७२ च्या जून-जुलैमधे रोलिंग स्टोन्सच्या अमेरिका दौऱ्यात त्यांच्या आधी वाजवत होता, म्हणजे रात्रीमागून रात्र अशा प्रेक्षकांसमोर जे त्याच्यासाठी आलेच नव्हते. आणि मग हे गाणं आलं, ज्याची रिफ रॉकवाल्याला गिटारची रिफ वाटते, ज्याचा ठेका नाचणाऱ्याला आपला वाटतो, आणि ज्याचा बास तोपर्यंत रेडिओवर फारसा कोणी ऐकलेला नव्हता. दोन्हीकडच्यांनी ते आपलं म्हणून घेतलं. तुम्ही म्हणता ‘एकच रिफ’, पण अमेरिकन गायक जेम्स ब्राउनने १९६५ पासून हेच तर शिकवलं होतं, की कॉर्ड बदलत राहण्याऐवजी एका जागेवर उभं राहून आत किती हालचाल करता येते ते बघा. स्टीव्हीने त्या विचारात कडवं, चढण आणि परत येणं असं गाण्याचं पूर्ण घर बसवलं, म्हणून ते फक्त नाचण्यापुरतं राहिलं नाही.

बेकने पण नंतर टिम बोगर्ट आणि कार्माइन अपिस यांच्याबरोबर १९७३ मधे स्वतःचं ‘सुपरस्टिशन’ काढलं. ते पूर्ण बँडने मुद्दाम ऐका. चांगलं आहे, दणकट आहे, पण जड आहे, प्रत्येक जण पूर्ण ताकदीने वाजवतोय आणि फटी बुजल्या आहेत. तिघंही जबरदस्त वादक, त्यामुळे कौशल्य कमी पडलं असं कोणी म्हणू शकत नाही, त्यांना ते गाणं तसंच हवं होतं. तुम्हाला कसं हवंय हे आधी ठरवा. रॉक करायचं असेल तर माझा अर्धा सल्ला बाजूला ठेवला तरी चालेल.

आणि स्टीव्हीसारखं हवं असेल तर १९७३ मधला लहान मुलांच्या ‘सेसमी स्ट्रीट’ कार्यक्रमातला त्याचा लाइव्ह व्हिडिओ बघा. तिथे तो स्वतः फक्त क्लॅव्हिनेटवर आहे, ड्रम्सला दुसरा माणूस, बास गिटार आहे, गिटार आहे, म्हणजे जवळपास तुमचाच बँड. टेपवरचे सगळे थर तिथे नाहीत आणि काही अडत नाही. सगळ्यांच्या माना कुठे हलतायत ते बघा, चौघांचं अंग एकाच ठिकाणी खाली बसतं.

काही गोष्टी मी इथून सांगू शकत नाही, त्या तुमच्यावर आहेत. ड्रमर नवीन असेल तर हाय-हॅटची विविधता सोडून द्या, बारमधे साधे आठ ठोके वाजवू दे पण झुकाव ठेवून, निम्मं काम त्यात होतं. फेस्टचा स्टेज मोठा आणि मॉनिटर (वादकांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून लावलेले स्पीकर) खराब असतील, जे बहुतेक असतात, तर कीबोर्डवाल्याला ड्रम्सच्या शेजारी हाय-हॅटच्या बाजूला उभं करा, त्याला तो उजवा हात डोळ्यांनी दिसला पाहिजे. आणि रिहर्सलची सुरुवात रोज अशी करा, आधी फक्त ड्रम्स, मग बास, दोघं दोन-तीन मिनिटं तसेच, कंटाळा येईपर्यंत, मग कीबोर्ड, शेवटी गिटार, आणि गिटारने आत येताना स्वतःला विचारायचं की फट शिल्लक आहे का, नसेल तर त्या दिवशी वाजवायचं नाही. रेकॉर्ड पण ड्रम्सपासूनच उभी राहिली होती.

राहिला प्रश्न गाणाऱ्या मुलीच्या पट्टीचा, तुम्ही लिहिलंय की तिला काळी दोन जमत नाही. बदला बिनधास्त, गाणाऱ्याचा गळा आधी. फक्त कीबोर्डवाल्याने काळ्या पट्ट्यांवरच वाजवायचं आणि ट्रान्सपोज बटणाने सूर सरकवायचा, हाताची चाल बदलायची नाही. आणि शेवटी काळी दोनवरच राहिलात तर गिटार आणि बास दोघांनी सगळ्या तारा अर्धा सूर उतरवून घ्या आणि ई च्या जागेवर वाजवा, मोकळी जाड तार सा म्हणून मिळते. अमेरिकन ब्लूज गिटारिस्ट स्टीव्ही रे व्हॉनची गिटार तर कायमच अशी उतरवलेली असायची आणि तो हे गाणं स्टेजवर वाजवायचा. मात्र तारा उतरवल्या की त्या सैल होतात, तेव्हा फेस्टच्या दिवशी नाही, निदान आठवडाभर आधी उतरवा आणि त्यावरच रिहर्सल करा.